एकच पाय बाहेर आलाय? ओढू नका, आधी आत ढकला

रात्री दहानंतर फोन वाजला की पलीकडचं पहिलं वाक्य मला आता पाठ झालंय. "साहेब, गाय अडली जी. एकच पाय निंगाला. ओढून पाह्यलं, पन येऊन नाही राह्यलं." गाय अडली, एक पाय निघाला, यानं मी घाबरत नाही. त्यातून बहुतेक वेळा मार्ग निघतो. धसका बसतो तो 'ओढून पाह्यलं' या शब्दांचा. किती जणांनी ओढलं, दोर कुठं बांधला, पाणमोट, म्हणजे वासराभोवतीची पाण्याची पिशवी, फुटून किती वेळ झाला, हे विचारेपर्यंत मी गाडीला किक मारलेली असते.

पऱ्हाटी-सोयाबीनच्या जोडीला नुकत्याच दोन-चार संकरित गाई घेतलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. आपल्याकडची गवळाऊ असो की गडचिरोली-चंद्रपूरकडची कठाणी, या गाई अंगानं हलक्या आणि त्यांची वासरंही आटोपशीर. रानात चरायला गेलेली गाय संध्याकाळी वासरू मागं घेऊन परत आली, असं आजोबांनी सांगितलेलं तुम्ही ऐकलं असेल, आणि ते खोटं नव्हतं. लहान चणीच्या गाईला जर्सी-होल्स्टीनचं रेतन सुरू झालं, वासरं मोठी झाली आणि अडण्याचे प्रसंग वाढले. पण वासराचा पाय आत मुडून बसणं हे कुठल्याही जातीत, अगदी छोट्या वासरातही होऊ शकतं. तिथं अडचण वासराच्या आकाराची नसते, त्याच्या बसण्याची असते. म्हणून जोर लावून ती सुटत नाही.

सरळ विण्याची वेळ ओळखा

गाय साधारण २८० ते २८५ दिवसांनी विते, म्हैस दहा महिने दहा दिवसांच्या आसपास. रेतनाची तारीख गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवली तरी चालेल, पण लिहून ठेवा. दिवस भरत आले की कास उतरते, शेपटीच्या दोन्ही बाजूंची हाडं सैल पडून तिथं खड्डा दिसतो, निरण, म्हणजे योनीचं बाहेरचं तोंड, सुजून लोंबतं.

पहिला टप्पा गर्भाशयाचं तोंड उघडण्याचा. गाय ऊठबस करते, शेपटी वर धरते, वैरण सोडते, कळपापासून लांब जाते. हे दोन ते सहा तास चालतं, पहिलारू कालवडीत त्याहून जास्त. या वेळी तुमचं काम एकच, लांबून बघणं. गोठ्यात पन्नास माणसं जमली आणि प्रत्येक जण हात घालून बघायला लागला, तर सरळ विणारी गायही अडते.

दुसरा टप्पा पाणमोट दिसल्यापासून वासरू बाहेर येईपर्यंतचा. आधी एकदा तरी व्यालेली गाय अर्धा तास ते दोन तासांत मोकळी होते, कालवड थोडा जास्त वेळ घेते. घड्याळ इथून लावायचं. पाणमोट फुटून गाईला अर्धा तास आणि कालवडीला तास झाला, कळा जोरात आहेत, पण काहीच पुढे सरकत नाही, तर आत काहीतरी अडलंय असं धरा.

काही दृश्यं मात्र दिसली की घड्याळाकडे बघतही बसू नका. एकच खूर बाहेर आहे. तोंड आलं, जीभ लोंबतेय, पण पायाचा पत्ता नाही. दोन पाय आले, पण मुंडकं नाही. किंवा नुसती शेपटी हाताला लागतेय. या चारही वेळी आधी फोन, मग बाकीचं. गावच्या दवाखान्याच्या डॉक्टरांना लावा, नाही लागला तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी लावा. फोनवर चार गोष्टी सांगा: कितवं वेत, पाणमोट कधी फुटली, बाहेर काय दिसतंय, आतापर्यंत कोणी काय केलं. चौथी गोष्ट लपवू नका. आम्ही रागावू, पण तयारीनं येऊ.

डॉक्टर येईपर्यंत नुसतं बसून राहा असं मी म्हणणार नाही. भर पावसाळ्यात नाल्याला पूर आला की आमची गाडी पलीकडच्या काठावर अडते आणि रात्र सरते. अशा वेळी स्वतःच्या गोठ्यातल्या गाईसाठी तुम्ही काय करू शकता आणि कुठं हात थांबवायचा, हे माहीत असलं पाहिजे. शेजारच्या गावात जाऊन पैसे घेऊन हेच करायला लागाल तर तो वेगळा विषय. तिथं १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आडवा येतो, आणि तो आडवा यायलाच हवा.

हात आत घालण्याआधी

नखं कापा. अंगठी, कडं, घड्याळ, मनगटाचा गंडा, सगळं काढा. खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे मेडिकलमध्ये मिळतात. पाच-सहा जोड गोठ्यात राहू द्या. ही चैन नव्हे. ब्रुसेलोसिस नावाचा रोग गाईच्या वारेतून आणि विताना पडणाऱ्या पाण्यातून माणसाला लागतो, महिनोन्महिने ताप उतरत-चढत राहतो आणि सांधे धरतात. गाभ टाकलेल्या गाईला तर उघडा हात लावूच नका.

दोन बादल्या कोमट पाणी, साधा अंगाचा साबण. गाईची शेपटी एका बाजूला कोणीतरी धरून ठेवा, निरण आणि मागचा भाग धुऊन काढा. मग आपला हात खांद्यापर्यंत धुवा. कपड्याची साबण पावडर वापरू नका, आतली नाजूक त्वचा त्यानं सोलवटून निघते. वंगणासाठी दवाखान्यातून मिळणारी सेल्युलोजची जेली किंवा लिक्विड पॅराफिन उत्तम. आणि हे चमचाभर नको, भरपूर लागतं. पाणमोट फुटून तीन-चार तास झालेल्या गाईचा मार्ग कोरडा पडलेला असतो. कोरड्या मार्गात पाय फिरवणं म्हणजे ओल्या मातीत रुतलेलं बंडीचं चाक हातानं फिरवण्यासारखं.

दोर दोन-तीन हवेत. सुती, करंगळीएवढे जाड, साधारण दोन मीटर लांब, एका टोकाला फास केलेले, उकळून घेतलेले. गोठ्यातला शेणानं माखलेला कासरा आत घालू नका. नायलॉनची बारीक दोरी तर मुळीच नको, ती वासराचा पाय कापते.

गाय उभी असेल तर उभीच ठेवा. उभ्या गाईच्या पोटात वासराला मागं सरकायला जागा मिळते. शक्य असेल तर तिचे मागचे पाय थोडे उंचावर येतील अशी उभी करा, गोठ्याचा उतार त्यासाठी कामाला येतो. गाय उठतच नसेल, तर वासराचा मुडलेला पाय वरच्या बाजूला येईल अशा कुशीवर तिला वळवा. खालच्या कुशीत दबलेला पाय कोणाच्याच हाताला सुटत नाही.

हाताला डोळे फुटतात, पण सावकाश

आत गेल्यावर पहिली दोन मिनिटं काहीही ओढायचं-ढकलायचं नाही. फक्त चाचपायचं.

पहिला प्रश्न: हा पाय पुढचा की मागचा? खुरापासून वर जा. खुराच्या वरचा पहिला सांधा ज्या दिशेला मुडतो, त्याच दिशेला त्याच्या वरचा सांधाही मुडला, तर तो पुढचा पाय, आणि वरचा सांधा म्हणजे टोंगळा. दोन सांधे एकमेकांच्या उलट दिशेला मुडले आणि वरच्या सांध्याला मागं टोकदार हाड लागलं, तर तो मागचा पाय. या टोकदार सांध्याला आम्ही हॉक म्हणतो, इथंही तोच शब्द वापरतो. खुरांचे तळवे जमिनीकडे असतील तर बहुधा वासरू मुंडक्याकडून येतंय, आकाशाकडे असतील तर बहुधा मागून. पण तळव्यांवर विसंबू नका, वासरू पाठीवर उलटं असेल तर ते फसवतात. सांधा फसवत नाही.

दुसरा प्रश्न: हाताला लागलेले दोन पाय एकाच वासराचे आहेत का? नोकरीला लागलो त्या वर्षी वर्धा नदीकाठच्या एका गावात मी दोन पाय धरले, दोघांनाही दोर लावला आणि तिघांना ओढायला सांगितलं. वीस मिनिटं ओढलं. जुळं होतं, एक पाय एकाचा, एक दुसऱ्याचा. एक वासरू गेलं. गाईच्या मालकीणबाईंनी मला चहा दिला, एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तो चहा माझ्या घशाखाली उतरला नाही. तेव्हापासून प्रत्येक पाय खांद्यापर्यंत किंवा मांडीपर्यंत चाचपत जातो, तिथून छातीवरून दुसऱ्या पायाकडे उतरतो, आणि मगच दोर मागतो.

तिसरा प्रश्न: वासरू जिवंत आहे का? खुराच्या दोन फाकांमधली कातडी चिमटीत दाबा, पाय आखडून घेतो. तोंडात बोट घातलं तर चोखतं. पापणीवर हलका दाब दिला तर डोळा हलतो. मागून येणाऱ्या वासराच्या गुदद्वारात बोट टेकवलं तर ते आवळतं. यातलं काही झालं नाही म्हणून लगेच मेलं समजू नका, थकलेलं वासरू प्रतिसाद देत नाही. केस हाताला निघून येत असतील आणि घाण वास सुटला असेल, तर मात्र शंका नाही, आणि तुमचं काम तिथंच थांबलं.

आणि एक. हात आत जाताना मार्ग पिळलेल्या फडक्यासारखा वळत, निमुळता होत गेला, तर गर्भपिशवीला पीळ पडलाय. म्हशीत हे फार होतं. नागपुरी असो की पुर्णाथडी, अडलेली म्हैस बघताना माझ्या मनात पहिली शंका पिळाचीच येते. पिळात पाय-बिय काही सरळ करायचा नसतो. हात बाहेर काढा.

ढकलणं ही अर्धी विद्या

वासराचा मार्ग म्हणजे गाईच्या कमरेचं हाडाचं कडं. कड्यात आधीच मुंडकं, छाती आणि मुडलेला पाय ठासून बसलाय, आणि तुम्ही तिथंच पाय सरळ करू बघताय. खाटेवर झोपलेल्या माणसाला उठवल्याशिवाय त्याच्याखालची सतरंजी काढता येत नाही. म्हणून आधी वासरू पोटात मागं सारायचं. तिथं जागा आहे.

ढकलण्याआधी जे भाग बाहेर आलेत त्यांना दोर लावून ठेवा. सरळ आलेल्या पायाला एक, मुंडकं आलं असेल तर कानांच्या मागून तोंडात येईल असा दुसरा. हा दोर ओढण्यासाठी नाही, भाग आत हरवू नये म्हणून आहे. नवखा माणूस इथंच चुकतो. पाय सरळ करायच्या नादात मुंडकं सुटतं, ते बाजूला वळतं, आणि एका अडचणीच्या दोन होतात.

तळहात वासराच्या छातीवर, मान आणि खांदा मिळतात तिथं टेकवा. कळ आली की हात नुसता धरून ठेवा. कळ ओसरली की सावकाश, सतत दाब देत मागं सारा. गाईची कळ तुमच्या दंडापेक्षा ताकदवान असते, तिच्याशी कुस्ती खेळाल तर गर्भपिशवी फाटेल किंवा हात मोडेल. गाय फारच कण्हत असेल तर कुणाला तरी तिच्या पाठीची, कमरेजवळची कातडी जोरात चिमटीत धरायला सांगा, काही वेळ कळ सैल पडते. डॉक्टर आले की शेपटीच्या मुळाशी सुन्न करायचं इंजेक्शन देतात, मग हे काम निम्मं होतं. म्हणून डॉक्टर अर्ध्या तासात पोचणार असतील तर थांबणं शहाणपणाचं.

टोंगळा मुडलेला

हे सगळ्यात जास्त भेटतं आणि नवख्यानं हात घालून बघावं असंही बहुधा हेच एक. एक पाय आणि तोंड मार्गात असतं, दुसऱ्या पायाचा टोंगळा कमरेच्या कड्यापाशी अडून बसलेला असतो, खूर खाली पोटाकडे.

१. सरळ पायाला आणि मुंडक्याला दोर लावा. भरपूर वंगण आत सोडा.

२. वासरू मागं सारा. टोंगळा कड्यातून सुटून आत गेला की हाताला मोकळं वाटतं. ती जागा मिळाल्याशिवाय पुढची पायरी नाही.

३. टोंगळ्याच्या खालच्या हाडावरून हात घसरवत खुरापर्यंत न्या आणि खूर पूर्ण तळहातात झाका, लहान मूल लाडू मुठीत लपवतं तसा. या झाकण्यावर सगळं अवलंबून आहे. उघडा खूर गर्भपिशवी फाडतो.

४. आता टोंगळा वर आणि बाहेरच्या अंगाला, म्हणजे गाईच्या बरगडीकडे जाऊ द्या, आणि त्याच वेळी मुठीतला खूर आतल्या अंगाला, वासराच्या छातीखाली घेत आपल्याकडे आणा. टोंगळा वर-बाहेर, खूर आत-पुढे. हे वाक्य तोंडपाठ करा.

५. खूर कड्याच्या काठावर आला की अलगद उचलून मार्गात घ्या. पाय सरळ होतो तेव्हा हाताला चटकन कळतं.

एका हातानं टोंगळा ढकलायचा आणि खूरही आणायचा हे जमत नसेल, आणि आत दोन हात मावतच नाहीत, तर खुराच्या वरच्या सांध्याला दोराचा फास टाका. तुमचा हात खुरावर झाकण म्हणून राहील, बाहेरचा माणूस तुम्ही "आता" म्हणाल तेव्हाच हलकेच ओढेल. बाहेरचा माणूस शांत डोक्याचा निवडा. उत्साही पोट्टा नको. "आता" म्हणायच्या आधीच तो झटका देतो.

दोन्ही टोंगळे मुडलेले असतील तर एक पूर्ण सरळ करून, दोर लावून, मगच दुसरा.

कोपर अडलेलं आणि पाय डोक्यावर चढलेला

तोंड आणि दोन्ही खूर एका रेषेत, नाक खुरांच्या वर टेकलंय, पण पुढे येत नाही. सरळ वासरात खूर नाकाच्या बरेच पुढे असतात. इथं कोपरं कड्यावर अडलीत. वासराला थोडं मागं सारत एकेक पाय वर उचलत पुढे घ्या. सोपं आहे, पण ओळखलं नाही तर तासभर ओढून दमछाक होते.

एखादा पाय मानेवरून डोक्यावर चढलेला असतो. हा दिसायला किरकोळ, आणि म्हणूनच धोकादायक. तसंच ओढलं तर खूर मार्गाचं छत फाडून गुदद्वारात निघतो. मी असं फाटलेलं दोनदा शिवलंय. आधी मागं सारा, मग पाय डोक्यावरून उचलून ज्या बाजूचा आहे त्याच बाजूनं खाली आणा.

खांद्यातून मागं गेलेला पाय

इथं टोंगळासुद्धा हाताला लागत नाही. पूर्ण पाय पोटाखाली मागं पसरलेला. पद्धत अशी की थेट सरळ करायला जायचं नाही. टोंगळ्याच्या वरच्या लांब हाडाला धरून आपल्याकडे ओढत आधी टोंगळा कड्यापर्यंत आणायचा, म्हणजे ते 'टोंगळा मुडलेला' या ओळखीच्या अडचणीत बदललं, आणि मग वरच्याच पायऱ्या. वाचायला सोपं वाटतं. पण मोठ्या संकरित वासरात हात खोलवर पोचत नाही आणि नवख्याचा जोर चुकीच्या जागी लागतो. एक प्रयत्न करा. टोंगळा हाताला आला नाही तर थांबा.

दोन्ही पाय मागं आणि नुसतं मुंडकं बाहेर, जीभ सुजलेली, निळी पडलेली, असं दिसलं तर लोक वासरू मेलं म्हणून मुंडकं धरून ओढतात. सुजलेल्या तोंडाचं वासरू पुष्कळदा जिवंत असतं. मान ओढलीत तर तुम्हीच माराल. मुंडक्याला वंगण लावा, ओल्या फडक्यानं झाका, डॉक्टरांची वाट बघा.

मागून येणारं वासरू

दोन्ही मागचे पाय सरळ बाहेर, तळवे आकाशाकडे. हे अडलेलं नाही, फक्त उलट बाजूनं येतंय. शंभरात पाचेक वासरं अशी येतात. इथला धोका वेळेचा. कंबर बाहेर आली की वासराची नाळ हाडात दबते, ते आतच श्वास घ्यायला बघतं आणि पाणी छातीत जातं. म्हणून गर्भाशयाचं तोंड पुरतं उघडलंय याची खात्री होईपर्यंत, माणसं आणि दोर जागेवर येईपर्यंत सुरुवातच करू नका. सुरुवात केली की कंबर बाहेर आल्यापासून थांबू नका.

हॉक मुडलेला असेल तर तत्त्व टोंगळ्याचंच. वासराला पुढे, गाईच्या डोक्याकडे सारायचं, हॉक वर आणि बाहेर, खूर मुठीत झाकून आत आणि आपल्याकडे. फरक इतकाच की मागच्या पायाचा खूर मोठ्या गोलात फिरतो आणि गर्भपिशवी फाटण्याची भीती दुप्पट. मी हे नवख्याला सांगतो ते समजण्यासाठी, करण्यासाठी नाही.

आणि नुसती शेपटी लागणारं, दोन्ही मागचे पाय पोटाखाली घेऊन बसलेलं वासरू. हे सगळ्यात लबाड. मार्गात काहीच येत नाही म्हणून गाईला जोराच्या कळा येत नाहीत. पाणमोटही नीट दिसत नाही. मालक म्हणतो, "अजून वेळ आहे जी, सकाळी विईल." सकाळपर्यंत वासरू गेलेलं असतं. दिवस भरलेली गाय सहा-आठ तास नुसतीच ऊठबस करतेय, तर धुतलेला हात घालून एकदा बघा. शेपटी लागली की दुसरं काही न करता फोन.

कुठं थांबायचं

पंधरा-वीस मिनिटं. मोबाइलवर गजर लावा, कारण आत हात असताना वेळ कळत नाही. एवढ्या वेळात काही सरकलं नाही तर तुमच्या हातून ते होणारं नाही. ओढाताणीनं मार्ग सुजतो आणि आम्ही पोचेपर्यंत हात घालायलाही जागा उरत नाही. मुंडकं बाजूला वळलेलं, पिळ, सांधे आखडून दगड झालेलं वासरू, मेलेलं फुगलेलं वासरू, लालभडक ताजं रक्त, यात तर पहिल्या मिनिटालाच थांबा. पोट उघडून वासरू काढायची शस्त्रक्रिया लवकर झाली तर गाय चांगली सावरते. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, अकोल्याची पदव्युत्तर संस्था, इथं ती होते, आणि तालुक्याच्या ठिकाणीही अनेक डॉक्टर गोठ्यातच करतात.

एका गोष्टीबद्दल मला राग आवरत नाही. गावात कोणीतरी 'कळा यायचं इंजेक्शन' घेऊन येतो. पाय मुडलेला आहे, दार बंद आहे, आणि हा आतून धक्का वाढवतो. ऑक्सिटोसिननं अशा वेळी गर्भपिशवी फुटते. गाय अडली असताना, आत हात घालून न बघता कोणी हे इंजेक्शन काढलं, तर त्याला गोठ्याबाहेर काढा. ट्रॅक्टरला किंवा बैलजोडीला दोर बांधणाऱ्यालाही त्याच दारानं.

आता ओढा

पाय, मुंडकं, सगळं सरळ झालं, मार्ग वंगणानं भरला, तेव्हा ओढणं. फास खुराच्या वरच्या सांध्याच्या वर, आणि त्याच दोराचा एक अर्धा वेढा सांध्याच्या खाली, म्हणजे ताण दोन जागी वाटला जातो आणि हाड मोडत नाही. प्रत्येक पायाला वेगळा दोर. दोन माणसांची ताकद पुरे. कळ येते तेव्हाच ओढायचं, कळ थांबली की थांबायचं. आधी एक पाय थोडा, मग दुसरा थोडा, वासरू चालत बाहेर येतंय असं. त्यानं खांदे एकदम न अडता एकामागून एक निघतात. मुंडकं बाहेर पडलं की दिशा बदला आणि खाली, गाईच्या हॉककडे ओढा. कमरेशी अडलं तर वासराला थोडं कुशीवर फिरवा.

बाहेर आलं की नाका-तोंडातला चिकटा काढा, छातीवर बसतं करा, नाकात गवताची काडी फिरवा, गोणपाटानं खसखसून पुसा. मागचे पाय धरून उलटं लटकवत बसू नका, त्यानं पोटाचा भार छातीवर येतो. नाळेला टिंक्चर आयोडीन. पहिल्या तासा-दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे, दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे पंचवीस किलोच्या वासराला अडीच लिटर. वार पडायची वाट बघत चीक अडवून ठेवायची जुनी रीत सोडा.

गाईकडे वळा. पुन्हा हात धुऊन आत बघा, दुसरं वासरू आहे का, कुठं फाटलंय का. तिला उठवा. मागचे पाय फाकत असतील तर घसरडी फरशी सोडून मातीवर किंवा तणसाच्या जाड थरावर न्या आणि दोन्ही मागच्या पायांत हातभर अंतर ठेवून सैल दोर बांधा. वार बारा तासांत पडते. लोंबणाऱ्या वारेला दगड किंवा फाटकी चप्पल बांधायची नाही, तुटली की अर्धी आत सडते. पुढचे चार-पाच दिवस सकाळी ताप बघा. १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, चारा सोडला किंवा घाण वासाचा स्राव सुरू झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर.

दोर धुवा, उकळा, उन्हात वाळवा, स्वच्छ पिशवीत घालून गोठ्याच्या खुंटीला टांगा. त्या दोरांनी पोळ्याला बैल बांधायचा नाही.